हळदीच्या रंगाची पट्टी

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारचे साडेतीन.

कुंदा, माझ्या जेवणाच्या टेबलावर सध्या एक नवाकोरा कम्प्युटर आहे. पडद्यावरचं प्लास्टिक आत्ताच सोलून काढलं. शेजारी तुझा पेन ड्राइव्ह, तू बांधलेल्या लाल दोऱ्यासकट. काल तुझ्या दहाव्याला तुझ्या लेकीने, प्राचीने, तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, "मावशी, आई बोलायची, यातलं फक्त शैलाला कळेल." पोरीला काय सांगणार? यातलं मला ओ की ठो कळत नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

काम असं आहे. आपल्या कंटेनर यार्डात आठ नवे कम्प्युटर आलेत. त्यांच्यावर तू केलेला 'आगर' हा प्रोग्राम घालायचा, की बाहेरून विकतचा टर्मिनल एम्युलेटर आणायचा, हे मला उद्या सकाळी दहाच्या आत सावंत साहेबांना सांगायचंय. साहेब माणूस सरळ आहेत. त्यांनी सरळच विचारलं, "शैलाताई, कुंदाताई होत्या तोवर प्रश्न नव्हता. आता हे बिघडलं तर बघणार कोण?" विकतचा आणला तर जुन्या कम्प्युटरांबरोबर तुझं आगरही भंगारात जाणार. म्हणून म्हटलं, एक कम्प्युटर मला घरी न्यायला द्या. नव्या यंत्रावर ते माझ्या हाताने उभं राहतं का बघते, मग सांगते. जासईहून पनवेलपर्यंत तो खोका मांडीवर धरून रिक्षाने आणला. अर्ध्या दिवसाची रजा टाकली. भाकऱ्या सकाळीच करून ठेवल्यात, तेव्हा संध्याकाळपर्यंत मला कोणी उठवणार नाही.

टर्मिनल एम्युलेटर म्हणजे काय, हे मला घरच्यांना कधी धड सांगता आलं नाही. तुला यायचं. तू यार्डात लागलीस तेव्हा टेबलांवर जाड काचेचे जड खोके होते. काळा पडदा, हिरवी अक्षरं, खाली कीबोर्ड. खोक्याला स्वतःची अक्कल नाही. अक्कल सगळी एसीच्या खोलीतल्या मोठ्या मशीनमध्ये. कोणता कंटेनर यार्डात आला, कोणत्या रांगेत आहे, कधी फाटकाबाहेर गेला, सगळी नोंद तिथे. पुढे डेस्कटॉप आले, खोके गेले, पण मोठं मशीन आणि त्याच्यातला यार्डाचा प्रोग्राम तसाच राहिला. मग डेस्कटॉपवर एक खिडकी हवी, जी त्या मशीनसमोर जुन्या खोक्यासारखी बसेल.

"यो सोंग घेतो गो," तू म्हणायचीस. "मोठ्या मशिनीला वाटतं आपला जुना खोकाच बोलतोय. ती बिचारी अजून फसतेय."

एवढंच. पण त्या खिडकीत एक कळ चुकली तर यार्ड थांबतं, हे मला माझ्या पाचव्या दिवशी कळलं.

त्या आधी मी पनवेलला एका वकिलांकडे टायपिंग करत होते. वीज केव्हा जाईल त्याचा नेम नसायचा. एक ओळ झाली की कंट्रोल एस, दुसरी झाली की कंट्रोल एस. बोटांना वळणच पडलं होतं. तुमच्याकडे आले तेव्हा वळण बोटांबरोबर आलं. पाचव्या दिवशी मी फाटकाची नोंद भरत होते, पान भरलं, बोटं आपोआप गेली आणि कंट्रोल एस दाबलं. पडदा जागच्या जागी गोठला.

मला वाटलं, बंद पडलं. एंटर मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. 'हो' दाबलं, एंटर, 'हो', एंटर. वकिलांच्या कम्प्युटरवर असं दहा वेळा आपटलं की काहीतरी व्हायचं. इथे काहीच होईना. बाहेर ट्रकवाले हॉर्न देत होते. तू शेजारच्या टेबलावरून उठून आलीस, पदर कमरेला खोचलेला.

"काय मॅडम, काय झाला?"

"हँग झालंय."

"एंटर किती वेळा मारला?"

"मोजलं नाही."

"मंग आता मोजू."

तू कंट्रोल क्यू दाबलंस. पडदा सुटला आणि धावायला लागला. कंटेनर बाहेर गेला. कंटेनर बाहेर गेला. कंटेनर बाहेर गेला. अकरा वेळा, यादीतले अकरा कंटेनर एकामागून एक. अकराच्या अकरा कंटेनर खिडकीबाहेर, यार्डातच, उन्हात उभे होते.

"तू पडदा थांबवलास," तू म्हणालीस. "मशीन नाय थांबवली. तू 'हो' बोललीस, ती 'हो' बोलली. तुला नाय दिसला, तिला सगला ऐकू येत होता."

मग आपण दोघी कागद घेऊन यार्डात गेलो. एकेक कंटेनर शोधायचा, दारावरचा नंबर वाचायचा, कागदावर खूण करायची. चार अक्षरं आणि सात आकडे. मला दोन पावलांवर विसरायला व्हायचं, तुझे सगळे तोंडपाठ. कंटेनर उचलणाऱ्या गाडीवरचा माणूस वरून ओरडला, "ओ ताई, यो त कागदावर कवाच गेला ना! मंग आता मी काय भूत उचलू?" तू खालून ओरडलीस, "उचल, उचल. तुजे सासऱ्याचा हाय, वलख दाखवल." दुपार गेली त्यात. माझ्या चपलेचा अंगठा तुटला. तू बोलली नाहीस की कुणामुळे.

दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या साहेबांनी बोलावून विचारलं, चूक कोणाची? मी पुढे होणार तेवढ्यात तू म्हणालीस, "पडद्याची. थांबला तर थांबलो म्हणून सांगाला नको? मानसाला कसा कळंल?" साहेब तुझ्याकडे बघतच राहिले. मीही. आपली चूक कोणी यंत्राच्या गळ्यात मारतं, हे मी पाहिलं होतं. दुसऱ्याची चूक मारणारं कोणी पाहिलं नव्हतं. आणि तुला ते खरंच वाटत होतं. तू मला वाचवत नव्हतीस, पडद्याला झापत होतीस.

त्या दिवसापासून मॅडमची शैले झाले.

यानंतर पुष्कळ वर्षं काही झालं नाही. म्हणजे कामं झाली, लग्नं झाली, तुझा नवरा गेला, प्राची शिकली, माझे केस पिकले. मग मधल्या खेपेचे डेस्कटॉप आले आणि जुना विकतचा एम्युलेटर त्यांच्यावर चालेना. विकणारे म्हणाले, आता ते बनवत नाही. मोठं मशीनच बदला. साहेब म्हणाले, मशीन बदलणं आपल्या हातात नाही. फुकट मिळणारे दोनतीन एम्युलेटर लावून बघितले. अक्षरं दिसायची, पण एफ सात दाबलं की मागे जाण्याऐवजी पडद्यावर कंस आणि आकडे सांडायचे. दोन दिवस सगळ्या नोंदी हाताने वहीत, मग जुनेच डेस्कटॉप परत जोडले.

तिसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "यातल्या एकाचा कोड उघडा हाय, कोनालाही बदलता येतो. मी घरी नेते."

मी हसले. हे लिहून ठेवते, कारण हसले होते. बारावी सायन्स, मिठागरवाल्याची मुलगी, पंचेचाळिशी जवळ आलेली, आणि म्हणे कोड नेते. "भाजीत घालणार आहेस का?" असंही म्हणाले.

तू जुन्या पुस्तकांच्या दुकानातून कम्प्युटरच्या सी भाषेचं एक पुस्तक आणलंस. मुखपृष्ठ नव्हतं, पहिली आठ पानंही नव्हती. पहाटे उठून, स्वयंपाकाच्या आधी, दीड तास. कंपनीच्या बसमध्ये पुस्तक मांडीवर. मी शेजारी. मला वाटायचं, पंधरा दिवसांत सुटेल. एक दिवस मीच विचारलं, डोक्यात कसं शिरतं तुझ्या? तू बसच्या काचेवर बोटाने रेघा ओढल्यास. आडवे चौकोन, उभे चौकोन.

"आडवे ऐंशी, उभे चोवीस. एका चौकोनात एक अक्षर. मोठी मशीन सांगते, पाचव्या ओळीत दहाव्या चौकोनात जा, तिथं अमुक अक्षर टाक. आता पुसून काढ. आता आख्खी ओळ वर सरकव. आमचे बाबा काय करायचे? या चौकोनातला पानी त्या चौकोनात, बांध फोड, बांध घाल. मना तर यो मिठागरच दिसतो."

म्हणून त्याचं नाव आगर.

दोन महिने लागले. एफ सात मागे गेलं. एफ नऊने नोंद पक्की झाली. गावातल्या ज्या मुली वर्षानुवर्षं पडद्याकडे न बघता नंबर मारत होत्या, त्यांच्या बोटांना काही बदललंय हेच कळलं नाही. तेच तर पाहिजे होतं, तू म्हणालीस. ज्या दिवशी कुणाला कळणार नाही त्या दिवशी काम झालं.

आणि मग ती पट्टी. कंट्रोल एस दाबलं आणि दोन सेकंद मशीनकडून काहीच आलं नाही, की खिडकीच्या तळाशी पिवळी पट्टी उमटते: "थांबवलाय. घाबरू नको. कंट्रोल क्यू दाब." तू मला बोलावून दाखवलीस. अकरा कंटेनरांना तेव्हा चौदा वर्षं झाली होती. मी कधीच विसरले होते म्हणणार नाही, पण तू विसरली असशील असं धरून चालले होते.

मी काय म्हणाले? "पिवळा फार भडक झालाय."

"आमचे हळदीचा रंग हाय," तू म्हणालीस. "दिसला पायजे."

पट्टी तू मूळ एम्युलेटर बनवणाऱ्या परदेशातल्या लोकांना पाठवायचं ठरवलंस. "त्यांचा फुकट घेतला ना आपुन? मंग आपला पन द्याचा." इंग्रजी पत्रं मी लिहायची, म्हणजे तू सांगायचं आणि मी शुद्ध करायचं. त्यांच्यातल्या एकाचं उत्तर आलं की याची गरज काय, कंट्रोल क्यू कोणालाही माहीत असतं. तू टेबलावर थाप मारलीस. "लिही, कोणालाही म्हंजे कोणाला? आमचे हापिसात अकरा कंटेनर गेले. कोणाला माहीत नवता." मी लिहिलं की आमच्या अनुभवानुसार नव्या कर्मचाऱ्यांना ही सूचना उपयोगी पडते. तू वाचलंस, म्हणालीस, "यात अकरा कंटेनर कुठं हाय?" मग घातले अकरा कंटेनर. चार पत्रं गेली, चार आली. पाचव्यात त्यांनी पट्टी घेतली. त्यांच्या पुढच्या आवृत्तीबरोबरच्या यादीत तुझं नाव आलं. कुठल्या कुठल्या देशांत कोण कोण आज चुकून कंट्रोल एस दाबत असेल, आणि खाली तुझी पट्टी येत असेल. रंग त्यांनी करडा केला, तेवढा मला राग आहे.

ही गोष्ट मी बसमध्ये सांगितली, भाजीवालीला सांगितली, माझ्या सासूबाईंना दोनदा सांगितली. नवरा म्हणतो, पाहुण्यांना चहाच्या आधी ही गोष्ट मिळते. तुला सोडून सगळ्यांना सांगितलं की आमच्या कुंदाने काय केलंय. तुला म्हणाले, पिवळा भडक आहे. आता ते दुरुस्त होत नाही, म्हणून इथे नोंदवते: मला तुझा फार अभिमान होता आणि आहे. पुढे जाऊ.

आपलं भांडण त्या पट्टीवरूनच सुरू झालं आणि संपलं नाही. माझं म्हणणं सोपं होतं. पट्टी कशाला? कळच बंद करून टाक. एक ओळ लिहिली की कंट्रोल एसने काहीच थांबणार नाही. नव्या मुली महिन्यातून दहा वेळा चुकून दाबतात, मुद्दाम दाबणारं कोणी मी पाहिलं नाही.

"मी दाबते," तू म्हणायचीस. "यादी धावते तवा दाबते."

"तू एकटी."

"एकटी तर एकटी. मशीन धावली तर मानसानी थांबवाची कशी? थांबवाचा हक मानसाकडं पायजे. तुजी बोटं चुकतात म्हनून माजा ब्रेक काडू काय?"

हे किती वेळा झालं असेल, देव जाणे. जेवताना तर रोजचं. तू सुकट पुढे करायचीस, मी नको म्हणायचे, तू म्हणायचीस वास तर फुकट घेतेस ना, आणि मग कंट्रोल एस. नवे आठ कम्प्युटर आले त्या दिवशीही तेच. मी म्हटलं, आता नव्याने सगळं घालतेच आहेस तर ती कळ या खेपेला बंद कर. तू पाण्याची बाटली भरत होतीस. मागे वळूनही बघितलं नाहीस. "मी हाय तवर ती कळ राहनार."

मी म्हणाले, "बघू."

दुसऱ्या दिवशी तू आली नाहीस. प्राचीचा फोन आला, आई चुलीपाशीच पडली. माझा तुझ्याशी जागेपणीचा शेवटचा शब्द 'बघू'. काही फार वाईट शब्द नाही, पण शेवटचा म्हणून निवडला नसता.

पनवेलच्या दवाखान्यात तीन दिवस तू डोळे मिटून होतीस. सिस्टर म्हणाली, बोला त्यांच्याशी, ऐकू येत असेल. मला असलं जमत नाही, तुला माहीत आहे. मी चादर सारखी केली. सलाइनची बाटली संपत आली की सांगून आले. प्राचीला जबरदस्तीने दोन घास खायला लावले. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीत कोणी नव्हतं, तेव्हा मला ते अकरा कंटेनर आठवले. पडदा गोठलेला होता आणि माझा एकेक एंटर आत पोचत होता. त्याच हिशोबाने बोलले. "आठ कम्प्युटर आलेत ते तसेच आहेत. खोकी उघडलेली नाहीत. तू आल्याशिवाय उघडत नाही." एवढंच. पोचलं का, मला माहीत नाही. तुझा पडदा सोडवायला माझ्याकडे कळ नव्हती.

खोकी उघडली, कुंदा. सॉरी. काम थांबत नाही.

तर आता आजचं. वरचं लिहून झालं आणि पेन ड्राइव्ह लावला. आत 'आगर' नावाचा फोल्डर, त्यात पहिलीच फाइल: 'आधी हे वाच'. चौदा ओळी. वरच लिहिलंयस, "एक ओळ टाइप कर, एंटर मार, गप बस. दोनदा एंटर मारू नको." हे कोणासाठी लिहिलं होतंस ते कळलं.

मी एकेक ओळ टाइप केली, एंटर मारलं, गप बसले. सहाव्या ओळीला कोडचा प्रोग्राम बनायला लागला आणि लाल अक्षरांचा लोंढा सुटला. पानंच्या पानं. सगळ्यात खाली लिहिलं होतं की काम झालं नाही. तेच वाचत बसले, दोनदा पुन्हा चालवलं, दोनदा तेच. पाऊण तास गेला. साहेबांना फोन करून विकतचा आणा म्हणून सांगावं असं मनात आलं. फोन हातात घेतलाही. मग तुझी फाइल पुन्हा उघडली. सहाव्या ओळीच्या पुढे लिहिलेलं मी वाचलंच नव्हतं: "लाल आला तर शेवटची लाल ओळ वाचू नको. ती फक्त रडते. पहिली वाच. खरा आजार पहिल्या ओळीत असतो."

पुन्हा चालवलं. पहिली लाल ओळ आली आणि डोळ्यांसमोरून वर गेली. तिच्या मागे दुसऱ्या शंभर. मी काय केलं असेल? कंट्रोल एस दाबलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मुद्दाम. लोंढा जागच्या जागी उभा राहिला, अगदी सांगितल्यासारखा. पहिली ओळ पडद्याच्या वरच्या टोकाला होती. अक्षरं रंगवायला लागणारी एक वस्तू नव्या कम्प्युटरवर घातलेलीच नव्हती, एवढंच तिचं म्हणणं. कागदावर नाव उतरून घेतलं, ती वस्तू घातली, पुन्हा सहावी ओळ. लाल आलं नाही.

तर तू जिंकलीस. हे मी एकदा लिहिलंय, पुन्हा लिहिणार नाही. खिडकी वर सरकवूनही ती ओळ वाचता आली असती हे मला नंतर सुचलं, ते सोड.

आगर उघडलं. काळी खिडकी, आडवे ऐंशी, उभे चोवीस. तुझा कळा तपासायचा छोटा प्रोग्राम लावला. कळ दाबली की तिचा नंबर आणि काम दाखवतो. एफ एक ते एफ बारा, सगळ्या बरोबर. आकड्यांकडचं एंटर दाबलं तर नंबर आला, पुढे काम कोरं. यार्डातली प्रत्येक मुलगी तेच एंटर वापरते, उजव्या हाताच्या करंगळीने. ते चाललं नाही तर काहीच चाललं नाही.

नव्या कीबोर्डचा नंबर वेगळा येत होता. तेवढं माझं मला समजलं, कारण तू बसमध्ये कधीतरी सांगितलं होतंस आणि मी ऐकत नसल्याचं दाखवत ऐकत होते. मग पहिल्यांदा तुझा कोड उघडला. मला वाटलं होतं सगळं परक्या भाषेत असेल. ओळी तशाच होत्या, पण मध्ये मध्ये तू होतीस. यंत्र ज्या ओळी वाचत नाही, फक्त माणसासाठी असतात, त्या तू आपल्या बोलीत लिहून ठेवल्यास. "यो एफ सात. मागं जातो. याच्यापायी दोन दिस वही लिवली." "इथं हात लावू नको, लावलास तर माझ्याकडं येऊ नको." "यो कसा चालतो मना नाय माहीत. चालतो." मी मोठ्याने हसले. घरात कोणी नव्हतं ते बरं.

एंटरची ओळ सापडली. खाली तशीच दुसरी लिहिली, नवा नंबर घालून. वरची ओळ बघायची आणि तशीच लिहायची, भरतकामासारखं. पुन्हा प्रोग्राम बनवला, एंटर दाबलं. चाललं. कुंदा, मी आगरमध्ये एक ओळ लिहिली. तुझ्या दोन महिन्यांपुढे एक ओळ, पण ती चालते.

आणि मग आणखी खाली, कंट्रोल एसच्या जागी, हे सापडलं. शब्द तुझेच उतरवते:

"शैला सांगेल ही कळ बंद करा. ऐकू नका. ती चुकली म्हनून पट्टी झाली. तिचा उपकार हाय, पन तिला सांगू नका, डोक्यावर बसंल."

चहा केला. प्यायले. पुन्हा वाचलं. तू मला कधी सांगितलं नाहीस, मी तुला कधी सांगितलं नाही. दोघी वीस वर्षं एका बसने गेलो, आणि हे एका फाइलमध्ये. चला, आता खोक्यात कम्प्युटर भरायचाय.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

सकाळी साडेआठला यार्डात पोचले. साहेब यायच्या आत पहिला कम्प्युटर फाटकाच्या टेबलावर लावला, आगर उघडलं, मोठ्या मशीनला जोडलं. तिने नेहमीप्रमाणे फसून नाव विचारलं. एक खरी नोंद केली, उरणकडे निघालेला एक कंटेनर. करंगळीने एंटर. खिडकीतून बघितलं, कंटेनर खरंच बाहेर गेला.

साहेब पावणेदहाला आले. माझ्या मागे उभे राहून बघत होते.

"चालतंय की."

"चालतंय."

"आणि शैलाताई, बिघडलं तर?"

"मी बघीन."

"तुम्हाला येतं?"

"पहिली लाल ओळ वाचता येते," म्हटलं. "बाकीचं शिकते. कुंदा माझ्याच वयाची. ती पंचेचाळिशीच्या आसपास शिकली, मी फार तर सातआठ वर्षं उशिरा. पण लिहून द्या की आठही कम्प्युटरांवर आगरच." साहेबांनी लिहून दिलं. खाली जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव घातलं, तिथे मी सही केली.

मग पेन ड्राइव्ह लावून आगरच्याच खिडकीत तुझ्या कोडची फाइल उघडली. तुझ्या त्या ओळीखाली माझी लिहिली: "शैला अजूनही सांगते, बंद करा. पण केली नाही. एकदा उपयोग झाला." ओळ संपली आणि बोटं आपोआप गेली, कंट्रोल एस. पडदा गोठला. एक, दोन. खाली हळदीची पट्टी आली. थांबवलाय. घाबरू नको.

घाबरले नाही. कंट्रोल क्यू दाबलं. ओळ होती तिथे होती. मग तुझ्या चौदा ओळींतल्या शेवटच्या ओळीत लिहिलंय तशी ती जपून ठेवली आणि दुसऱ्या कम्प्युटरचं प्लास्टिक काढायला घेतलं.